क्रेनवरचे पंचेचाळीस दिवस

केबिनपर्यंत जायला लोखंडी शिडीच्या बेचाळीस पायऱ्या होत्या. एकोणीस वर्षं बुद्धरत्न ओहोळ त्या एका दमात चढत आला होता आणि त्या गुरुवारी सत्ताविसाव्या पायरीवर त्याला थांबावं लागलं. छातीच्या मधोमध कुणीतरी पंजा टेकवून रेटावं तसं झालं. दुखलं असं नाही, जड झालं. त्याने दांडा घट्ट धरला आणि खाली बघितलं. पहिल्या पाळीची माणसं आपापल्या मशीनकडे निघाली होती, वर कुणाचं लक्ष नव्हतं. मिनिटाभरात पंजा उचलला गेला. उरलेल्या पायऱ्या तो सावकाश चढला, खुर्चीत बसून घाम पुसला आणि पित्त असेल असं स्वतःला सांगून मोकळा झाला. सकाळी चहाबरोबर चार खारी खाल्ल्या होत्या.

चार दिवसांनी कंपनीची वार्षिक तपासणी होती.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे दरवाजे प्रेसमध्ये पत्र्यातून दाबून काढत. दाबायचा साचा, म्हणजे डाय, अकरा टनांचा. एका मॉडेलचं काम संपलं की जुना डाय उचलून नवा बसवायचा आणि ते करायची बुद्धरत्नची क्रेन. नियम असा की क्रेनला टांगलेल्या लोडखाली कुणी उभं राहायचं नाही. पण शेवटच्या वीतभर अंतरात डाय नेमका जागेवर बसवायचा तर कुणाला तरी कडेला उभं राहून त्याला हात लावावाच लागतो. तो हात धनेशचा. वर बुद्धरत्न, खाली धनेश अशी जोडी नऊ वर्षं चालली होती. धनेशची बोटं हलली की डाय तेवढाच हलायचा, सुपारीभर म्हणजे सुपारीभर.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचा कागद दोनदा वाचला.

"दारू घेता?"

"थेंब नाही, मॅडम."

"लिव्हरवर बरीच चरबी चढली आहे. साखर हद्दीवर आहे. वजन शहाऐंशी." त्यांनी चष्मा काढला. "दारू न पिणाऱ्याचंही होतं असं. भात, गोड चहा, बिस्किटं, पाळीची झोप, बसून काम. नुसतं लिव्हर असतं तर मी एवढं घाबरवलं नसतं तुम्हाला. लिव्हर म्हणजे शरीरातलं चरबी-साखरेचं कोठार. कोठार ओसंडलं की माल रस्त्यावर येतो. रस्ता म्हणजे रक्तवाहिन्या. त्यांचं आतलं अस्तर बिघडतं, थर साचायला लागतात. अशा माणसाला लिव्हरच्या आधी हृदय दगा देतं. शिडी चढताना छातीत काही होतं का?"

बुद्धरत्नने खिडकीकडे पाहिलं. बाहेर तपासणीला आलेल्या माणसांची रांग होती आणि रांगेच्या शेवटी सोपानराव उभे होते. सोपानराव पूर्वी शेजारच्या क्रेनवर असायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना केबिनमध्ये चक्कर आली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे सांगितली. तेव्हापासून ते भंगाराच्या आवारात पिंपं मोजत होते. सगळे त्यांना अजून 'ऑपरेटर' म्हणून हाक मारत, आणि हाक मारताना हसत.

"नाही, मॅडम. काही होत नाही."

"वडील?"

"बावन्नाव्या वर्षी गेले. झटक्याने."

डॉक्टरबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग चिठ्ठीवर त्यांनी हृदयाच्या डॉक्टरचं नाव लिहिलं, ट्रेडमिलची चाचणी लिहिली, गोड बंद असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "पंचेचाळीस दिवसांची तात्पुरती परवानगी देते. तेवढ्यात ही चाचणी करून घ्या. नाही केली तर मी फिट म्हणून सही करणार नाही."

चिठ्ठी त्याने खिशात घातली. कंपनीच्या नोंदीत मात्र शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द गेला, लिव्हर. आणि तो शब्द दुपारपर्यंत सुपरवायझर साहेबरावांच्या टेबलावर पोचला.

"रतन, बस." साहेबरावांनी दार लावून घेतलं. "तू पण?"

"साहेब, मी पीत नाही."

"मी कुठं म्हटलं पितोस. पण वरून विचारतात ना राव. क्रेनवरचा माणूस आणि लिव्हर. मी काय उत्तर देऊ?"

बुद्धरत्नच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चिखलीतल्या विहारात दर पौर्णिमेला तो पुढे बसून पंचशील म्हणायचा. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज इतरांपेक्षा वर चढायचा. त्याच्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी, करमाळ्याहून पिंपरीला येऊन कारखान्यात तीस वर्षं काढली आणि वस्तीतली अर्धी माणसं गुत्त्यावरून ओढून आणली. त्या घरातला माणूस मान खाली घालून बसला होता आणि समोरचा म्हणत होता, तू पण.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर त्याला एकट्याला बाजूला घेऊन श्वासाच्या मशीनमध्ये फुंक मारायला लावू लागले. आकडा रोज शून्य यायचा. रांगेतले रोज बघायचे.

"रतनभाऊ, रोज शून्य कसं काय जमतं?" तिसऱ्या दिवशी कुणीतरी मागून म्हणालं. "आम्हालाही औषध सांग की."

"तुला कशाला औषध?" धनेश वळून म्हणाला. "तू फुंकलंस तर मशीनच गाणं म्हणेल."

हशा झाला. बुद्धरत्नही हसला, पण त्या क्षणी त्याच्या मनाने एक गाठ मारली. लिव्हर साफ करायचं. सोनोग्राफी स्वच्छ आली की डाग पुसला. छातीचं नाव काढायचं नाही. छाती म्हणजे भंगारातली पिंपं.

घरीही त्याने तेवढंच सांगितलं, लिव्हरला सूज आहे. हृदयाच्या डॉक्टरची चिठ्ठी त्याने केबिनमधल्या लॉग-बुकाच्या कव्हरात सरकवून ठेवली होती.

जाईबाईंनी, त्याच्या आईने, ऐकता ऐकताच हातातली लसणाची पात खाली ठेवली. "म्हंजी कावीळच की ती. पोटातली कावीळ. डोळं पिवळं व्हायच्या आदी कळलं, बरं झालं."

"आई, कावीळ नाही म्हणाल्या त्या."

"त्येनला काय कळतंय? तुज्या बापाला एक्क्याण्णव साली झालती. दवाखान्यानं हात टेकलं व्हतं. म्या यकवीस दिस उसाचा रस पाजला, तेलाचा थेंब दिला न्हाई. उटून कामाला ग्येला का न्हाई माणूस?"

"गेले," बुद्धरत्न म्हणाला.

"मंग."

बायको दिव्या शाळेचे गणवेश शिवत होती. तिने मशीन थांबवलं. "अहो, डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल ना? दाखवा तरी."

"कंपनीत जमा केलं."

तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाईबाई किटली घेऊन चौकातल्या गुऱ्हाळावर जाऊन उभ्या राहिल्या. बर्फ नको, लिंबू नको, मशीन धुऊन काढ म्हणून त्यांनी रसवाल्याला भंडावून सोडलं. निघताना एक मोठा पेला, सोबत दीड लिटरची बाटली, घरी आल्यावर पुन्हा पेला. भाजीला फोडणी बंद. चपातीऐवजी भाताची पेज आणि तोंडात टाकायला खडीसाखर. गोड बंदच्या खालच्या दोन रेघा त्याला आठवत नव्हत्या असं नाही. पण ऊस म्हणजे साखर थोडीच, ऊस शेतातली वस्तू, असा हिशेब त्याने मनाशी बसवला. शिवाय आईच्या हातच्या उपायाने बाप उठून कामाला गेलेला त्याने आठवीत असताना डोळ्यांनी पाहिला होता. तीन आठवड्यांत वजन दोन किलो उतरलं. पट्ट्याला एक भोक मागे घ्यावं लागलं.

"बग," जाईबाई म्हणाल्या, "लागू पडलं."

फक्त शिडी ऐकेना. सत्तावीसवरून थांबण्याची जागा वीसवर आली. मग सोळावर. आता जडपणा गळ्यापर्यंत चढायचा आणि जबड्याच्या डाव्या बाजूला दात दुखल्यासारखा ठणका उठायचा. थांबलं की जायचा, आणि तो जातो म्हणूनच बुद्धरत्न त्याला मोजत नव्हता. पण पायऱ्या मोजत होता. तो पाळीच्या अर्धा तास आधी यायला लागला, म्हणजे थांबत थांबत चढताना कुणी बघायला नको. दुपारी जेवायला उतरणं बंद केलं. डबा वरच, बाटली वर, लघवीलाही रिकामी बाटली वरच. एकदा चढलं की एकदाच उतरायचं.

"काय राव, घरटं बांधलंस का वर?" वॉकीटॉकीवर धनेशचा आवाज आला. "अंडी घातलीस की सांग, जेवायला येतो."

"उपवास चालू आहे."

"कसला उपवास? दिवसभर बाटली तोंडाला दिसते. लोक काय म्हणतात माहीत आहे ना, काय आहे त्या बाटलीत म्हणून?"

"उसाचा रस आहे."

"मला माहीत आहे रे," धनेश म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

चौतिसाव्या दिवशी पहिल्यांदा ते बसल्याजागी झालं. हुकाला डाय होता, क्रेन रुळावरून सरकत होती, खाली धनेश पुढे चालत माणसं बाजूला करत होता. जबडा आवळला. बुद्धरत्नने दांड्यावरचा हात काढला. हात काढला की दांडा आपोआप मध्यावर येतो आणि ब्रेक लागतो, हे यंत्राचं इमान त्याला ठाऊक होतं. डाय अधांतरी थांबला. खालून धनेशने प्रश्नार्थक मूठ उंचावली. बुद्धरत्नने चष्मा पुसल्याचं नाटक केलं. ऐंशी आकडे मोजले. मग पुढे निघाला. अडतिसाव्या दिवशी तेच पुन्हा. त्या वेळी धनेशने मूठ उंचावली नाही, फक्त बराच वेळ वर बघत राहिला.

हात काढला तर ब्रेक लागतो. पण हात न काढता माणूस दांड्यावरच कोसळला तर काय होतं, हा विचार त्या संध्याकाळी चिखलीच्या बसमध्ये त्याच्या मनात आला. त्याने तो बाजूला सारला. फेरतपासणीला सातच दिवस उरले होते.

एकेचाळिसावा दिवस शनिवार होता. दरवाज्याचा डाय बदलायचा होता आणि पुढची ऑर्डर खोळंबली होती, म्हणून साहेबराव स्वतः प्रेसपाशी उभे होते. सकाळपासून बुद्धरत्नची तहान भागत नव्हती. रसाची अर्धी बाटली संपली तरी जीभ टाळूला चिकटत होती. नवा डाय त्याने उचलला, रांगेत आणला, प्रेसच्या पोटात घेतला. धनेशने एक तळहात डायच्या कडेला लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत धरली. हळू. हळू. अजून वीतभर.

तेव्हा ते आलं. या वेळी पंजा नव्हता. छातीवर आतून कुणी बसलं होतं. डावा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत बधिर झाला. उजवा हात उतरवण्याच्या दांड्यावर होता आणि डोळ्यांपुढे काचेवर धूर साचावा तसं होत होतं.

हात काढायचा, त्याने ठरवलं. पण काढला तर डाय वीतभर वर लटकत राहणार, आणि तो बसेपर्यंत धनेश तिथून हलणार नाही, त्याची सवयच ती. ठेवला तर पुढच्या दोन श्वासांत आपण दांड्यावर पडू शकतो. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. धनेशची बोटं मिटली, उघडली. सुपारीभर. बुद्धरत्नने सुपारीभर सोडलं. पुन्हा बोटं. पुन्हा सुपारीभर. त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि घशातून आवाज येत होता, तो त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता. धनेशचा अंगठा खाली वळला. डाय टेकला. साखळ्या सैल पडल्या.

साहेबरावांनी खालून हात फिरवला. चल, पुढचा.

बुद्धरत्नने वॉकीटॉकी उचलला. तो शेडमधल्या नऊ जणांकडे एकदम वाजायचा. "धनेश, माणसं बाजूला घे," तो म्हणाला. "माझ्या छातीत दुखतंय. मला खाली येता येणार नाही."

दुरुस्तीवाल्यांनी कात्रीसारखी उघडत वर जाणारी सिझर लिफ्ट लावून त्याला केबिनच्या बाजूने काढलं. रुग्णवाहिका चाकण चौकात अकरा मिनिटं अडकली. धनेश उतरून पुढे धावला आणि ट्रकांच्या पत्र्यावर हात आपटत वाट करत गेला. मोशीच्या पुढच्या इस्पितळात पोचल्यावर तासाभरात मनगटातून तार आत गेली. हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बंद होती, दुसरी अर्धी. बंद होती तिच्यात स्टेंट बसला.

साखर तीनशे दहा निघाली. संध्याकाळी तिथले तरुण डॉक्टर कागद भरत होते. "सकाळपासून पोटात काय गेलं होतं?"

"रस," बुद्धरत्न म्हणाला. "उसाचा. दीड महिना रोज घेतोय. लिव्हरसाठी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. दाराशी जाईबाई आणि दिव्या उभ्या होत्या. डॉक्टरांनी जाईबाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आजी, काविळीत लोक रस देतात, मला माहीत आहे. यांना कावीळ नव्हती. लिव्हरवर चरबी होती, आणि ती साखरेनेच वाढते. सगळा दोष रसाचा नाही. हे थर दहा-वीस वर्षांचे आहेत. पण आगीत तेल ओतल्यासारखं झालं."

जाईबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "म्या पाजला," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं पाजला."

"आई, उठा." दिव्याने त्यांना धरलं, पण ती बघत होती नवऱ्याकडे. "तुम्हाला सांगितलं होतं का कुणी? मला तरी सांगितलं होतं का? कागद कंपनीत जमा आहे म्हणाले."

बुद्धरत्नने डोळे मिटून घेतले.

चौथ्या दिवशी साहेबराव आले. बरोबर धनेश होता, हातात सफरचंदांची पिशवी. विचारपूस झाली. मग साहेबरावांनी फाइलमधून एक फॉर्म काढला आणि खुर्ची पुढे ओढली.

"रतन, मी खाली उभा राहून बघितलंय. तसल्या अवस्थेत तू डाय टेकवलास. वरपर्यंत सांगितलंय मी. आणि ते लिव्हरचं..." ते चाचरले. "डॉक्टरांशी बोललो. मी चुकलो तेव्हा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आता हा एक रकाना. आधी कधी त्रास झाला होता का? मी 'नाही' लिहितो. अचानक झालं. तुझी रजा होईल, विम्याचं होईल, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी होकार दिला तर केबिन तुझी. 'होय' लिहिलं तर विषय संपला. लपवून क्रेन चालवली म्हटल्यावर तुला परत वर कुणी पाठवणार नाही, मीसुद्धा नाही."

धनेश खिडकीपाशी उभा राहून सफरचंद पुसत होता.

बुद्धरत्नला सहा महिने दिसले. सहा महिन्यांनी ती खुर्ची, काचेखाली पसरलेली सगळी शेड, हाताच्या एका बोटावर अकरा टन. आणि खाली, डायला तळहात लावून वर बघत उभा असलेला धनेश.

"होय लिहा," तो म्हणाला.

"विचार कर राव."

"तपासणीच्या आधी चार दिवस पहिल्यांदा झालं. मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. लिहा."

धनेशचा हात थांबला. "लोड वर असताना किती वेळा?" त्याने वळून न बघता विचारलं.

"तीनदा. शनिवार धरून."

"मी खाली?"

"तिन्ही वेळा."

धनेशने सफरचंद पिशवीत ठेवलं, पिशवी खाटेच्या पायाशी ठेवली आणि तो निघून गेला. साहेबरावांनी 'होय' लिहिलं. बुद्धरत्नने सही केली. सही वाकडी आली, मनगटाला अजून पट्टी होती.

धनेशचा फोन पुढे पन्नास दिवस आला नाही. बुद्धरत्न सकाळी विहारापर्यंत चालत जायचा, नंतर नंतर स्पाइन रोडपर्यंत. जाईबाई आता ज्वारीची भाकरी थापायच्या आणि चहाला साखर लागते का म्हणून विचारायच्याही नाहीत. विहारात त्याने एकदा उभं राहून सगळं सांगितलं, रसासकट. ऐकणाऱ्यांपैकी सहा जणांनी दुसऱ्या आठवड्यात सोनोग्राफी करून घेतली. चौघांच्या लिव्हरवर चरबी निघाली. त्यातले तिघे न पिणारे.

मग एका रविवारी फोन वाजला.

"वर नवा माणूस दिलाय," धनेश म्हणाला. जयभीम नाही, कसा आहेस नाही. "हात जड आहे त्याचा. सुपारी म्हटलं की नारळाएवढा सोडतो. साहेबांशी बोललोय मी. तू खाली माझ्या शेजारी उभा राहून त्याला सिग्नल द्यायचा. डॉक्टर हो म्हणाले तरच."

"धनेश..."

"ते नंतर बोलू. माझा राग गेला नाही अजून."

डॉक्टर हो म्हणाले. पुढच्या सोमवारी बुद्धरत्न पिवळं हेल्मेट घालून प्रेसपाशी उभा राहिला. नव्या ऑपरेटरने डाय उचलला आणि तो त्यांच्या दिशेने यायला लागला. डोक्याएवढ्या उंचीवरून डायचा तळ दिसला, काळा, तेलकट, एका खोलीएवढा, साखळ्यांवर किंचित झुलणारा. एकोणीस वर्षांत बुद्धरत्नने ही बाजू कधी पाहिली नव्हती. त्याचे पाय आपोआप मागे सरकले.

"इथे," धनेश म्हणाला आणि दंडाला धरून त्याने त्याला आपल्या शेजारी उभं केलं. "इथे उभं राहायचं. आता हात वर कर."